सात शिंगांचा विंचू

“हे कोणतं जनावर?” ब्रदर कोशींनी इंग्रजीत विचारलं, आणि भाकरी वाढायला पुढं झालेला आत्याबाईंचा उजवा हात ताटावर तसाच थांबला.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, हन्नाबाई मकासरे. त्यांच्या उजव्या मनगटाच्या वर एक जुनं गोंदण होतं. हिरवट, पसरलेलं, कडा विरलेल्या. मधे लांबट अंग, दोन्ही बाजूंनी पाय, डोक्याकडं काट्यांचा झुबका आणि जागोजाग ठिपके. मला त्या घरात येऊन चार वर्षं झाली होती, पण घरातल्या रांजणाकडं आपण कुठं निरखून बघतो? तसंच ते गोंदण मी रोज बघत होते आणि बघत नव्हतेही.

“ब्रदर विचारतात, हातावर काय गोंदलंय,” मी मराठीत सांगितलं.

“विंचू हाये,” आत्याबाई म्हणाल्या. भाकरी ताटात टाकून त्या चुलीकडं वळल्या आणि पदर ओढून त्यांनी हात झाकून घेतला.

मी विंचवाचं इंग्रजी केलं. ब्रदर कोशी जेवायचे थांबले. “उजव्या हातावर,” ते अगदी हळू, स्वतःशीच म्हणाले. ते मी मराठीत सांगितलं नाही. स्वतःशी बोललेल्याचा अर्थ करून सांगणं हे दुभाष्याचं काम नव्हे.

ही एकोणऐंशी सालच्या उन्हाळ्याची गोष्ट. आकाशातून कोसळू लागलेली अमेरिकेची अंतराळप्रयोगशाळा, स्कायलॅब, कुणाच्या डोक्यावर पडणार याचीच जिकडंतिकडं चर्चा होती आणि आमच्या आंबेटाकळीच्या ख्रिस्ती वाडीत तर जगाचा शेवट दाराशी येऊन ठेपल्यासारखं झालं होतं. अशात बंगळूरचे ब्रदर कोशी चार दिवसांच्या सभांना आले. विषय होता, ‘शेवटल्या काळातली श्वापदं’. चर्चसमोर मांडव पडला, नगरहून लाऊडस्पीकर आला. ब्रदरांना मराठीचं अक्षर येत नव्हतं आणि वाडीत धड इंग्रजी येणारी एकटी मी, राहुरीच्या शाळेतली इंग्रजीची बाई. म्हणून दुभाषी म्हणून मला उभं केलं.

मी ते काम तोऱ्यात करायची, खोटं कशाला बोलू? ब्रदरांचं वाक्य संपायच्या आत माझं सुरू व्हायचं. ते आवाज चढवत तिथं मी चढवायची, ते कुजबुजत तिथं मी कुजबुजायची. माझा एकच नियम होता, पदरचं घालायचं नाही आणि त्यांचं गाळायचं नाही.

ब्रदरांनी एक भलामोठा रंगवलेला कापडी पडदा आणला होता. पहिल्या संध्याकाळी त्यांनी छडी घेऊन बायबलातल्या दानिएल संदेष्ट्याच्या स्वप्नातली चार श्वापदं समजावली. पंखांचा सिंह म्हणजे बाबेलचं राज्य, एका कुशीवर उठलेलं अस्वल म्हणजे मेद आणि पारस, चार पंखांचा चित्ता म्हणजे ग्रीस आणि लोखंडी दातांचं ते चौथं म्हणजे रोम. दुसऱ्या संध्याकाळी बायबलाच्या शेवटच्या पुस्तकातलं, प्रकटीकरणातलं, समुद्रातून वर येणारं श्वापद आलं, सात डोक्यांचं आणि दहा शिंगांचं. आमची माणसं जनावरांत वाढलेली, सभा रंगली. एका म्हाताऱ्यानं तर मधेच उठून विचारलं की सात डोक्यांचं जनावर दाव्याला बांधायचं म्हटलं तर कोणत्या मानेला बांधायचं. ब्रदरांनी त्यालाही गंभीरपणे उत्तर दिलं. माणूस मनाचा सरळ होता.

त्या दिवशी सभा संपल्यावर त्यांनी मला गाठलं. “मी एकच इंग्रजी शब्द बोलतो, पण तुमच्या तोंडून कधी ‘प्राणी’ येतं, कधी ‘श्वापद’. असं का?”

ते खरंच होतं. त्यांच्या जुन्या इंग्रजी बायबलात स्वर्गातल्या सिंहासनाभोवती देवाची स्तुती करणारे चौघे आणि समुद्रातून येणारा तो दुष्ट, दोन्हींना एकच शब्द. आमच्या मराठीत मात्र दोन्हींना वेगळे शब्द आहेत.

“तो कुणासमोर उभा आहे ते आधी बघते,” मी म्हटलं, “आणि मग शब्द निवडते.”

ब्रदर हसले. “हे चांगलं आहे,” म्हणाले.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते आमच्याकडं जेवायला आले आणि त्यांनी तो हात पाहिला. संध्याकाळी त्यांचा आवाज रोजच्यासारखा नव्हता. पडद्याकडं त्यांनी पाहिलंच नाही. ते म्हणाले, श्वापद आपल्या माणसांवर खूण करील, ती खूण कपाळावर असेल किंवा उजव्या हातावर. मी मराठी केलं. ते म्हणाले, या वाडीत मी अशा खुणा माझ्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत, सुईनं कातडीत कोरलेल्या. मी मराठी केलं. आणि मग ते म्हणाले, “ज्या हातावर श्वापद आहे, त्या हातानं प्रभूच्या मेजाची भाकर मळली जाऊ नये.”

आमच्याकडं दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या आठवणीत सगळे एका पोळीचा तुकडा खातात. त्याची बिनखमिराची पोळी गेली तीस वर्षं आत्याबाई करत होत्या. वेगळी पितळी परात, वेगळं पांढरं फडकं, आणि आदल्या दिवशी उपास. आत्याबाईंना ना वाचायला येत होतं, ना स्टेजवर गायला, ना कमिटीत कुणी घेत होतं. त्यांचं चर्चमधलं सगळं मोठेपण त्या परातीत होतं, आणि परवाच पहिला रविवार होता.

मांडवात आत्याबाई दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. मी त्यांच्याकडं बघत ते वाक्य मराठीत सांगितलं, सगळंच्या सगळं. गाळलं असतं तर पुढं माझ्या कुठल्याच शब्दावर कुणी विश्वास ठेवला नसता, आणि तो विश्वास मला लवकरच लागणार होता. तेव्हा अर्थात हे मला ठाऊक नव्हतं. तेव्हा नुसता संताप आला होता.

सगळ्या मांडवाच्या माना दुसऱ्या रांगेकडं वळल्या. आत्याबाईंनी डावा हात उजव्यावर ठेवला. त्यांची ती सवयच होती. घरातल्या झाडून सगळ्या फोटोंत त्या तशाच बसलेल्या आहेत.

सकाळी आमच्या चर्चचे पाळकसाहेब आले. देठेसाहेब स्वभावानं गरीब, समोरचा जरा ठासून बोलला की त्यांना पटायचंच. ते ओट्यावर बसले, टोपी काढली, परत घातली.

“हन्नाबाई, ब्रदर पाहुणे आहेत. त्यांचं मन दुखावून चालणार नाही. या खेपेला पोळी पाटोळेबाईंकडं देऊ या का? फक्त या खेपेला.”

“बरं साहेब,” आत्याबाई म्हणाल्या. त्या आत गेल्या आणि ती परात, त्यात घडी केलेलं फडकं, असं सगळं आणून त्यांनी पाळकसाहेबांच्या मांडीवर ठेवलं. एवढा मोठा माणूस ती परात पोटाशी धरून वाडीतून चालत गेला. मला हसूही आलं आणि त्यांना हाक मारून चार शब्द सुनवावेसेही वाटले.

वाडीतल्या बायका त्या दिवशी पदर भुवयांपर्यंत ओढून हिंडत होत्या. जुन्या बायकांपैकी निम्म्याजणींच्या कपाळावर एखादं हिरवं टिंब होतंच. नळावर एरवी भांडणं असतात, त्या दिवशी कुणी कुणाच्या तोंडाकडं बघत नव्हतं.

दुपारी मी मागच्या दारी गेले तर आत्याबाई लिंबाखाली बसलेल्या. समोर वाटी, वाटीत चुना आणि पापडखार कालवलेला. पाण्यानं हात ओला करून त्या गोंदणावर लेप द्यायच्या बेतात होत्या. मी धावत जाऊन वाटी उचलली.

“हे काय चालवलंय?”

“जाळून टाकते. आन ती वाटी.”

“हात सडेल तुमचा. साखर आहे तुम्हाला, डॉक्टरांनी काय सांगितलंय?”

“हात गेला तरी चालंल,” त्या म्हणाल्या. “परात तर परत यील.”

मी वाटी उकिरड्यावर भिरकावली आणि त्यांचा हात घट्ट धरला. त्यांनी सोडवायचा प्रयत्न केला, पण मीही शेतकऱ्याची पोर. लिंबाच्या फटींतून ऊन पडलं होतं आणि ओल्या कातडीवर गोंदण लख्ख उठलं होतं. इतक्या जवळून मी ते पहिल्यांदाच पाहिलं.

“आत्याबाई, विंचवाला नांगी असते. याची नांगी कुठं आहे?”

“पुसली आसंल.”

“गोंदण पुसत असतं तर तुम्ही चुना कशाला कालवला असता? आणि हे डोक्यावर काय आहे?”

त्यांनी दुसऱ्या हातानं पदर ओढून ते झाकायला घेतलं.

“हे काय आहे, आत्याबाई?”

“शिंगं,” त्या जमिनीकडं बघत म्हणाल्या.

“विंचवाला शिंगं?”

मी बोट ठेवून मोजायला लागले. सात होती. मग खालचे ठिपके मोजले. तेही सात. तीन दिवस मी ब्रदरांबरोबर शिंगं आणि डोकीच मोजत होते, त्यामुळं ते सगळे हिशेब डोक्यात ताजे होते. सात डोक्यांच्या श्वापदाला शिंगं दहा. त्याच पुस्तकातल्या अजगरालाही दहाच. जमिनीतून वर येणाऱ्या दुसऱ्या श्वापदाला दोन. सात शिंगं आणि सात डोळे त्या अख्ख्या पुस्तकात एकालाच आहेत, आणि तो सिंहासनासमोर उभा आहे.

“आत्याबाई,” मी म्हटलं, “हा कोकरा आहे.”

त्यांनी पदर तोंडात धरला. मला वाटलं रडतायत. निरखून पाहिलं तर खांदे हसण्यानं हलत होते आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं.

“हासू नगंस हां सुलू,” त्या म्हणाल्या. “त्यापायीच म्या कुनाला सांगत न्हाई.”

मग त्यांनी सांगितलं. त्या तेव्हा लहान होत्या, मिशनच्या बोर्डिंगात. तिथं एक बायबलबाई संध्याकाळी पोरींना गोष्टी सांगायची. तिनं सांगितलं की स्वर्गात एक गुंडाळी आहे, तिच्यावर सात शिक्के आहेत, आणि ती उघडायला कुणी म्हणजे कुणी लायक निघेना. सगळे रडायला लागले. तेवढ्यात एक कोकरा पुढं आला. सात शिंगांचा, सात डोळ्यांचा, आणि तो म्हणजे येशूच.

“मला त्यो लई आवडला बघ,” आत्याबाई म्हणाल्या. “राजे, देवदूत, समदे हात बांधून हुबे, आन कोकरू म्होरं जातंय. मग सुट्टीत आमी जत्रंला गेलो. तिथं गोंदणारी बसली व्हती. बाकीच्या पोरींनी मोर काढला, तुळस काढली. म्या म्हनलं, मला कोकरू काढ, सात शिंगांचं. ती म्हनली, पोरी, कोकराला सात शिंगं कुठं असत्यात? म्या म्हनलं, माझ्या कोकराला हायेत.”

“मग?”

“मग काय? तिनं जल्मात कोकरू काढलं न्हवतं. तिच्या हाताला विंचवाची सवय. शिंगं, डोळं म्या सांगितलं तसं मोजून दिलं, पर पाय तिनं तिच्या मनानं घातलं. आठ.” आत्याबाईंनी डोळे पुसले. “बोर्डिंगात बाईंनी इचारलं, हे काय? म्या म्हनलं, येसू. लई हासल्या समद्या. हन्नाचा येसू नांगी मारतो म्हनायच्या. महिनाभर हासत व्हत्या. मंग म्या म्हनाया लागले, विंचू हाये. विंचू म्हनलं की कुनी हासत न्हाई.”

“अहो, मग काल भर सभेत सांगायचं नाही का? की हा कोकरा आहे?”

“तवा पोरी हासल्या, आता म्हाताऱ्या हासतील. आन त्यो एवढा शिकलेला मानूस. देशोदेशी जनावरं वळखत फिरतोय. त्यो श्वापद म्हनतोय. मला वाटलं, आसंलबी.” त्यांनी हात उलटा करून मांडीवर ठेवला. “काढनारीला कोकरू म्हाईतच न्हवतं. मंग हे कोकरू हाये, हे म्या तरी कशावरनं म्हनायचं?”

इतकी वर्षं ज्या खुणेला त्यांनी जीव लावला होता, तिच्यावरचाच त्यांचा भरवसा एका संध्याकाळीत उडाला होता. मला भयंकर वाईट वाटलं. पण मी वाईट वाटून घेत बसणाऱ्यांपैकी नाही.

“संध्याकाळी पहिल्या रांगेत बसायचं,” मी म्हटलं.

“म्या काय बोलनार न्हाई.”

“तुम्ही मराठीत बोला. इंग्रजीचं मी बघते.”

शेवटच्या सभेला मांडव तुडुंब भरला होता. पेट्रोमॅक्सच्या उजेडात पडद्यावरची सातही डोकी चमकत होती. ब्रदर कोशी त्या संध्याकाळी फार कळकळीनं बोलले. आमच्यासाठी त्यांचा जीव खरंच तुटत होता, मी शेजारी उभी असल्यानं मला ते दिसत होतं. म्हणून तर ते अधिक अवघड होतं. शेवटी ते म्हणाले, ज्यांच्यावर खूण आहे त्यांनी पुढं यावं, मी त्यांच्यासाठी प्रार्थना करीन. मी मराठी केलं.

कुणी हललं नाही. मग आत्याबाई उठल्या. त्यांच्या मागोमाग बायकांच्या रांगेत चारदोन पदर हलले, पण उभं कुणी राहिलं नाही.

“ब्रदर,” मी इंग्रजीत म्हटलं, “तुमचं बोलणं मी चार दिवस यांना सांगितलं. या माझ्या सासूबाई. आता यांचं बोलणं मी तुम्हाला सांगणार आहे. तसंच, काही न गाळता.”

ते गोंधळले, पण त्यांनी मान हलवली.

आत्याबाईंनी पदर मागं केला आणि हात पेट्रोमॅक्सखाली धरला. मी तो खालून माझ्या हातावर पेलून धरला.

“त्यांना म्हनावं,” आत्याबाई मला म्हणाल्या, “तुमी जनावरं वळखता. हे कोनतं ते तुमीच सांगा.”

मी सांगितलं. ब्रदरांनी खिशातून चष्मा काढला आणि वाकले. “पाय आठ आहेत,” ते म्हणाले. मी मराठी केलं.

“पायांवर जाऊ नगा म्हनावं. शिंगं मोजा.”

ते मोजायला लागले. चार दिवस इंग्रजी बोलणारा तो माणूस ओठांतल्या ओठांत आपल्या घरच्या मल्याळममध्ये मोजत होता. शेवटच्या शिंगाशी त्यांचं बोट थांबलं.

“आता डोळं मोजा म्हनावं.”

त्यांनी डोळे मोजले. मग पुन्हा एकदा मोजले. मग ते तसेच वाकून राहिले. मागून पाळकसाहेबांचा खोकला ऐकू आला.

ब्रदर ताठ झाले तेव्हा चष्म्यामागं त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी इंग्रजीत एकच शब्द उच्चारला. लाऊडस्पीकर चालूच होता, मी वळून मांडवाकडं तोंड केलं.

“कोकरा,” मी म्हटलं.

आत्याबाईंनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. त्या हसण्याची वाट बघत होत्या, बोर्डिंगातल्या त्या हसण्याची. ते येईना, तेव्हा त्यांनाच राहवलं नाही.

“पाय तेवढं गोंदणारीचं हायेत,” त्या मांडवाला म्हणाल्या.

आणि मग सगळा मांडव हसला. म्हाताऱ्या बायका पदर मागं टाकून हसल्या, कपाळांवरची टिंबं उजेडात आली. पाटोळेबाई हसता हसता रडायला लागल्या. सगळ्यांत मोठ्यानं आत्याबाई हसत होत्या. मी त्याचं इंग्रजी करून दिल्यावर ब्रदर कोशीही हसले, पण लगेच गंभीर झाले.

“मी वीस वर्षं हा पडदा घेऊन फिरतो,” ते म्हणाले. “त्यावर सगळी श्वापदं आहेत. कोकरा मी काढलेलाच नाही.” मी ते शब्दशः मांडवाला सांगितलं. मग ते आत्याबाईंकडं वळले. “उद्याची भाकर कोण करणार, हे मला यांच्याकडून ऐकायचं आहे.”

“परात आली तर म्या करीन,” आत्याबाई म्हणाल्या.

परात पाळकसाहेबांनी स्वतः आणून दिली, पहाटे, पुन्हा तशीच पोटाशी धरून. आत्याबाईंनी ती उजेडात फिरवून पाहिली. “पाटोळेबाईनं घासली न्हाई वाटतं नीट,” म्हणाल्या आणि चिंच लावून पुन्हा घासायला बसल्या. त्या रविवारी ब्रदर कोशींनी पोळीचा तुकडा घेतला तेव्हा आत्याबाई दुसऱ्या रांगेतून त्यांच्याकडं टक लावून बघत होत्या. त्यांनी तो खाल्ला, मग त्या खाली बघायला लागल्या.

पुढं बारा वर्षं त्या परातीवर त्यांचाच हक्क राहिला. बारा वर्षांनी त्या गेल्या. पेटीत ठेवताना बायकांनी त्यांचे हात छातीवर जुळवले, डावा वर, उजवा खाली. सगळ्या फोटोंत असतो तसाच ठेवला म्हणाल्या. मी कुणाला न विचारता डावा काढला आणि उजवा वर घेतला. बाही जरा मागं सारली.

लोक एकेक करून वाकून पाहून जात होते. पाटोळ्यांची नवी सून नगरहून आली होती, तिला आमची कुणाची माहिती नव्हती. ती वाकली, गोंदण बघून जरा दचकली, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “बाई, विंचू आहे ना हा?”

“शिंगं मोज,” मी म्हटलं.